तहानेने उघडणारी तोटी

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारा, वय एक्याऐंशी, धंद्याने नळ-फिटर, आता निवृत्त. कान जरा जड, गुडघे कुरकुरे, बाकी सगळे जोड घट्ट. आज आपल्याच ओसरीवर, आपल्याच खुर्चीत बसून, कोणी भरीस घातले म्हणून नाही, कोणाच्या धाकाने नाही, अक्कल जागेवर असताना स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तेव्हा हेच पहिले आणि, माझ्या हस्ताक्षराची दया येऊन, हेच शेवटचे समजावे.

अक्कल जागेवर आहे ना, हे पाहायला डॉक्टरीणबाई सकाळीच आल्या. त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" मी वार सांगितला आणि वर चौथीतली एक कविता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवली. "पुरे, पुरे," त्या म्हणाल्या, "वार पुरेसा होता." समोर वकीलबाई बसल्या आहेत. त्यांच्या मते एवढ्याशा मालमत्तेला एक पान खूप झाले. मी म्हटले, "बाई, एका पानात माझं मरण मावेल. बाकीच्याला जागा लागते." त्यांनी आणखी कागद पुढे सरकवले. भल्या आहेत.

हा सगळा खटाटोप घरासाठी नाही, पैशासाठी तर नाहीच. तो घरामागच्या उतारासाठी आहे. मला दोन मुले. थोरला; त्याचा माती उपसायच्या यंत्रांचा धंदा आहे. धाकटी, ती या घरात राहते आणि उतार सांभाळते. माझ्या मागे उतार यंत्राखाली जायचा की जसा आहे तसा राहायचा, हा प्रश्न आहे. आणि त्यापायी दोघांचे बोलणे तुटायला आले आहे, हे मला याच खुर्चीतून रोज दिसते. आता कलमे.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, ही ओसरी आणि छपराचे पावसाचे पाणी साठवणारी जमिनीतली टाकी, धाकटीला. थोरल्याचे शहरात याहून मोठे घर आहे, आणि त्यालाही हे मान्य आहे. मागच्या दारचा नळ थेंब थेंब गळतो. फिटरच्या घरात नळ गळतो म्हणून उभी गल्ली हसली. तो मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही. त्याच्याखाली पुदिना आहे. नळाला हात लावण्याआधी पुदिन्याला विचारावे.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते दोघांना सारखे. याबद्दल माझ्याकडे आठवण नाही, गोष्ट नाही, कवितासुद्धा नाही. पुढे.

कलम तिसरे. पान्यांची पेटी थोरल्याला. आत लहानमोठे पाने, नळाला चुडी, म्हणजे आटे, पाडायचे हत्यार, ताग आणि सफेद्याचा अर्धा डबा आहे. सफेदा म्हणजे जोडावर फासायचा लेप. फासला की थेंब बाहेर येत नाही. या पेटीच्या जोरावर मी शहरातल्या शाळा, दवाखाने, कचेऱ्या कोरड्या ठेवल्या. गळती दिसली की माझ्या डोक्यात घंटा वाजे. जेवताना शेजारच्यांकडे थेंब पडताना ऐकू आला तर मी हात धुऊन उठत असे. मुलांची आई म्हणायची, "अहो, जगातलं सगळं पाणी तुम्हीच अडवणार का?" पेटीचे पुढे काय करायचे ते सातव्या कलमात सांगितले आहे. मध्येच उडी मारून वाचू नये.

कलम चौथे, उताराबद्दल. वकीलबाई म्हणतात, इथे फक्त चतुःसीमा लिहायच्या. लिहितो. वर माथ्याचा खडक, खाली गाडीवाट, डावीकडे ओढ्याची कोरडी घळ, उजवीकडे आमचे घर. झाल्या चतुःसीमा. आता आत काय आहे ते लिहितो.

हा उतार मुलांच्या आईचा, जाताना तिने तो माझ्या नावे केला. तिला तो तिच्या वडिलांनी दिला. तेव्हा त्यावर दगड होते आणि दगडांच्या सावल्या होत्या. पाऊस आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो. चप्पल न काढता दारातूनच परततो. पडतो तेवढाही उतारावरून धावत खाली जातो. ती म्हणाली, धावतो तर त्याला वाटेत बसवू. तिने आणि मी चंद्रकोरीच्या आकाराचे छोटे छोटे बांध घातले, उघडी बाजू माथ्याकडे करून, म्हणजे वरून आलेले पाणी त्या ओंजळीत थांबावे. पावसानंतर उतारावर एवढ्या कोरी पाण्याने भरत, की आकाशात एकच का, असे मला वाटे. शाळेत चंद्रावरच्या कविता पुष्कळ पाठ केल्या होत्या. पण चंद्राने जमीन ओली केल्याचे एकाही कवीने लिहिलेले आठवत नाही.

पण कोरीतले पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकेना. मग ते मडके आले; म्हणजे आम्ही आणले नाही, ते आपले आपणच आले.

काम करताना प्यायला पाणी गार राहावे म्हणून तिने एक मडके खडकाच्या सावलीत गळ्यापर्यंत पुरून ठेवले होते, वर दगडाचे झाकण. शेजारी बसून आम्ही कलिंगड खाल्ले आणि बिया थुंकल्या. पुढे मी आजारी पडलो आणि उताराकडे जाणे राहिले. ती एकटी जायची, मडक्यात पाणी टाकून यायची. बरा होऊन गेलो तर सगळा उतार भाजलेला, आणि त्या मडक्याभोवती कलिंगडाचा वेल. हिरवा! फूल धरलेला! मी गुडघे टेकून पाहिले. मडक्याभोवतीची माती ओलसर होती. डोक्यात घंटा वाजली. मडके पाझरते! माझा हात आपसूक पेटीतल्या सफेद्याकडे गेला. झाकण उघडून मी बोट बुडवले, तोच तिने हातावर चापट मारली.

"काय करताय?"

"गळतंय गं ते."

"गळत नाहीये," ती म्हणाली, "पाजतंय."

त्या दिवशी मी फिटर म्हणून पुन्हा पहिलीत बसलो. आयुष्यभर लोखंडाच्या, पितळेच्या तोट्या बसवल्या. त्या हाताने उघडाव्या लागतात, हाताने बंद कराव्या लागतात, आणि हात विसरतो. या मडक्याला तोटीच नव्हती. भोवतालची माती सुकली की भिंतीतून पाणी बाहेर ओढले जाई. माती ओली झाली की आपोआप थांबे. मूळ तहानले की ते मिळेल तेवढे पिई, आणि तृप्त झाले की मडके गप्प. तहानेने उघडणारी तोटी! वॉशर नाही, आटे नाहीत, पाना नाही. मी कितीतरी वेळ तिथे बसून राहिलो. ती म्हणाली, "चला, जेवायचं आहे." मला भूक लागल्याचे कळलेही नव्हते.

कलम पाचवे, मेहुण्याबद्दल. मेहुणा कुंभार आहे, आणि या कागदाचा एक साक्षीदार. वकीलबाई सांगतात की साक्षीदाराला काही देऊ नये, म्हणून मी त्याला काही देत नाही. आमचे भांडण मात्र मालमत्तेत धरत नाहीत असे त्या म्हणाल्या. तेव्हा ते त्याला संपूर्ण देऊन टाकतो. माझ्याकडे त्यातले काहीही शिल्लक नाही.

भांडण असे. मडक्यांची एक ओळ लावायची ठरली, तेव्हा मुलांच्या आईने आपल्या या भावाकडेच मागणी केली. तो गाडी भरून घेऊन आला. काय मडकी होती! घोटून घोटून चकाकणारी, कडक भाजलेली, आतून राळेचा हात दिलेला. बोट मारले की देवळातल्या घंटेसारखी वाजत. आम्ही ती पुरली, पाणी भरले, शेजारी रोपे लावली. उन्हाळा संपताना पाहिले तर सगळी मडकी काठोकाठ भरलेली, आणि काठाशी रोपे तहानेने मेलेली. पाणी आणि मूळ यांच्यात बोटभर अंतर. त्या बोटभरात मेहुण्याचे सगळे कसब उभे होते.

ती भावाला म्हणाली, "अरे, जरा पाझरणारी कर ना."

तो उभाच राहिला. "ताई, गळकं मडकं? मी? तुला?"

"हो. मलाच हवंय."

"लोक काय म्हणतील? बहिणीला फुटकं खापर दिलं म्हणतील. परक्याला देणार नाही, तुला कसं देऊ? हातच वळत नाही गं."

मग तिने बाजारात जाऊन झिरप्याकडून मडकी आणली. झिरप्या हा दुसरा कुंभार. त्याच्या मडक्यात पाणी भरले की घटकाभरात खालची फरशी भिजे, म्हणून ते नाव. तिने त्याच्याकडचा सगळा माल उचलला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्याला 'आणखी आहेत का?' असे विचारले. ही बातमी मेहुण्याच्या कानी गेली. सख्खी बहीण, आणि झिरप्याची मडकी! त्याने माझ्या तोंडावर सांगितले, "दाजी, हे तुमचंच डोकं. जन्म गळक्या नळांत गेला, आता तिला पण नादी लावलंत." मीही काही बोललो. ते लिहीत नाही, कारण ते चांगले जमले होते आणि त्याला अजून पाठ आहे. त्यानंतर त्याने आमचा उंबरा ओलांडला नाही. गल्लीतले विचारायचे, "काय हो, मडकी पेरलीत, आता रांजण कधी उगवणार?" तेही सोसले. मेहुण्याचे न येणे तिला सोसले नाही.

पण ती त्याची बहीण होती, नाडी ओळखून होती. एका उन्हाळ्यात वरच्या ओळीतल्या अंजिराजवळचे मडके पाणी धरीनासे झाले. तिने भावाला निरोप धाडला: झिरप्याचं मडकं फुटलंय, बघायला ये. तो आला हो! धावत आला. पाणीसुद्धा न पिता थेट उतारावर. "मी सांगितलं नव्हतं? सांगितलं नव्हतं?" असे म्हणत त्याने हातांनीच माती उकरायला घेतली. आम्ही दोघे मागे उभे.

हळूहळू त्याचे बोलणे थांबले. मग हात थांबले.

मडके दिसतच नव्हते. दिसत होती ती मुळे. जाड, बारीक, आणि त्यांच्यातून केसांसारखी पांढरी, एकात एक गुंतलेली. सबंध मडक्याला जाळीचा अंगरखा घातल्यासारखी. त्याने कान लावून ऐकावे तसे डोके जवळ नेले. आत मडके खरेच फुटले होते, चिरा आरपार गेल्या होत्या. पण एक खापर जागचे हलले नव्हते. मुळांनी सगळे तुकडे जिथल्या तिथे, मडक्याच्या आकारात, धरून ठेवले होते. तिने तांब्याभर पाणी ओतले. ते आत क्षणभर थांबले, आणि मग खालून कोणीतरी घोट घ्यावा तसे उतरले.

मेहुणा मातीतच बसला. मग मला म्हणाला, "दाजी, माझा जन्म चाकावर गेला. हे कोणी घडवलं?"

त्याने ती माती मूठ मूठ करून परत लोटली, लहान मुलाच्या अंगावर पांघरूण घालावे तशी. पुढच्या वेळी गाडी भरून आला, तेव्हा मडकी खरबरीत होती. मातीत लाकडाचा बारीक भुसा मिसळलेला, म्हणजे भाजताना तो जळून भिंतीत न दिसणारी भोके राहावीत. आणि प्रत्येकाच्या गळ्यावर ओल्या मातीत उमटवलेला त्याचा अंगठा. म्हणाला, "गळकी असली तरी माझी आहेत. कळू दे लोकांना." आज उतारावर अंजीर, डाळिंबे, भोपळे, काकड्या आहेत, आणि त्या वरच्या अंजिराखेरीज प्रत्येकाच्या पायाशी तो अंगठा जमिनीखाली गाडलेला आहे.

थोरला तेव्हा शाळा संपवून पुढचे शिकायला बाहेर होता. त्याने हे पाहिले नाही. हे लक्षात ठेवावे.

कलम सहावे. कवितांचे शाळेचे पुस्तक, पुठ्ठा गेलेले, थोरल्याला. धाकटीला त्यातले सगळे पाठ आहे, तिला पुस्तकाची गरज नाही. आमच्याकडे मडके भरायचे माप कवितेने होते. एका कडव्यात एक मडके. कडवे संपले की पाणी थांबवायचे. मोठ्याने, चालीवर, वर्गात उभे राहून म्हणतात तसे. वरच्या ओळीतल्या त्या अंजिराचे मडके थोरल्याच्या वाटणीचे होते. शाळेतून आला की तो भरायचा. त्याला तिसरे कडवे कधीच आठवत नसे. अडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, आणि मडके उतू जाई. आई ओरडायची, "अरे, पाणी!" अंजिराने मात्र कधी तक्रार केली नाही.

कलम सातवे, ज्यासाठी बाकीची कलमे लिहिली.

थोरला वाईट नाही. तो लपवून काही करत नाही. मागच्या खेपेला याच ओसरीवर बसून त्याने सांगितले, "बाबा, मी उतार सपाट करणार. खाली बोअर मारतो. तुमची मडकी वर्षभर पाजतात तेवढं पाणी मी एका सकाळी देईन."

"आणि दुसऱ्या सकाळी?"

"दुसऱ्या सकाळी परत."

"आणि बोअर आटली की?"

"आणखी खोल."

धाकटी आतून म्हणाली, "दादा, खोल जाऊन जाऊन पलीकडच्या देशात निघशील. तिथल्या लोकांचं पाणी पिऊन येशील." तो हसला नाही. तो म्हणाला, "आईनं जन्मभर कळशा वाहिल्या. तिची पाठ मी पाहिली आहे. आता तू वाहतेस. मला बघवत नाही गं."

तो म्हणाला ते खरे आहे. टाकी खाली घराशी, मडकी वर उतारावर, आणि मधली चढण माणसाच्या कमरेवर. यंत्राच्या पात्याला मडकी लागायला हातभर खोलीही पुरे. एका फेरीत सगळी खापरे होतील. पण कळशीचा प्रश्न त्याचा आहे, आणि तो प्रश्न प्रेमाचा आहे.

वकीलबाई म्हणाल्या, "आजोबा, सरळ सगळा उतार मुलीच्या नावे करा. वाद मिटेल." वाद मिटेल आणि भाऊही मिटेल. मला ते नको. म्हणून संपूर्ण उतार मी दोघांना मिळून, न वाटता, सामाईक देतो. थोरल्याला आधी एक काम सांगतो. यंत्र आण. जरूर आण. पण माथ्यावर, खडकाच्या कडेला ने आणि तिथे मोठी टाकी खोद. वरचा वाहता पाऊस तिच्यात भरेल, कमी पडेल तेव्हा घराच्या टाकीतले पंपाने वर चढव. माझ्या पेटीतले पाने घे आणि तिथून प्रत्येक ओळीला नळ उतरव. पाणी आपल्या पायांनी खाली येईल. बहिणीची कळशी थांबव. मडके थांबवू नकोस. आणि जोडांना सफेदा नीट लाव. तिथे गळती चालणार नाही. ती फक्त जमिनीखाली चालते.

तरीही ज्याला उतार सपाटच करायचा असेल त्याला माझी मनाई नाही. मनाई मी लिहिली होती, आज सकाळी खोडली. खोडल्याची सही बाजूला आहे. त्याऐवजी अट. आधी दोघांनी मिळून, यंत्राशिवाय, हातांनी, वरच्या ओळीतल्या अंजिराजवळचे झिरप्याचे मडके उकरावे. जागा मामाला माहीत आहे. उन्हाळ्यातच उकरावे, सगळे भाजलेले असताना. मामाने झाकल्यापासून ते कोणी पाहिलेले नाही. आत आता मडके आहे की मुळांनी आठवणीने धरून ठेवलेला नुसता आकार, हे मलाही ठाऊक नाही. मला ते पाहायचे होते, पण गुडघे नाही म्हणतात. तेव्हा माझ्या वाटणीचे ते नवल मी तुम्हा दोघांना देतो. माझ्याजवळ याहून मोठे काही नाही.

मग थोरल्याने आपल्या हाताने ते मडके मुळांतून सोडवावे. एकही मूळ न तोडता सुटले, किंवा तोडायला हात धजला, तर उतार त्याचा. धाकटीने आडवे येऊ नये.

वकीलबाई म्हणतात, "ही अट कोर्टात टिकणार नाही."

मी म्हटले, "बाई, तिला कोर्टात जायचंच नाहीये."

आणि हात धजला नाही तर, थोरल्या, माती मूठ मूठ करून परत लोट. घाई करू नकोस. तांब्याने पाणी घाल आणि कविता म्हण, मोठ्याने, बहीण ऐकेल अशी. तिसऱ्या कडव्याला अडलास तर तिला विचारू नकोस. पहिल्यापासून सुरू कर. अंजिराला सवय आहे.

कलम आठवे. माझ्या नावाचा दगड कुठेही उभा करू नये. कोरून घेतलाच असेल तर वाया घालवू नये. एखाद्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवावा, अक्षरे खाली, पाण्याकडे करून.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवले, आणि माझ्या जड कानांनाही ते माझेच वाटले. साक्षीदारांसमक्ष मी सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

सही: मुलांचे बाबा, फिटर

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई. (सही. खाली त्यांच्या हातचे: 'शुद्धीवर आहेत. कविता थांबवता आली नाही.')

साक्षीदार २: कुंभार, मुलांचा मामा. (यांना सही उत्तम येते. वकीलबाईंनी पेन पुढे केले, पण ते म्हणाले, "उतारावर आहे तोच इथे पाहिजे." डाव्या हाताचा अंगठा.)

स्थळ: उताराकडे तोंड केलेली ओसरी
दिनांक: नऊ मे, दोन हजार तेवीस, सकाळ, आकाश कोरडे, अंजीर हिरवे